पोटात कळा, रक्त कमी, कारण सापडेना? शिशाची टेस्ट करून घ्यायची ती अशी

मी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे एक काका आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात सोनोग्राफीचे रिपोर्ट होते, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या, पण तुम्ही काम काय करता हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

घरात कुणाला पोटात मुरडून कळा येतायत, संडास साफ होत नाही, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, तोंडाला धातूची चव, तर आधी आठवा की शिसं येतंय कुठून. बॅटरी, भंगार, रंगकाम, सोल्डरिंग, मासेमारीच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओतणं ही तर उघड कामं झाली. घरात जास्त शोधावं लागतं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, काही सुरम्यांत शिसं असतं, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळल्याचं सापडलंय, आणि नागभस्म घातलेलं औषध चालू असेल तर नाग म्हणजे शिसंच, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. जुन्या घरातल्या रंगाचे पोपडेसुद्धा, कारण त्यांची धूळ रांगणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जाते. मुलांचं तर फार जपून बघा, बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही, पोरगं चंचल आहे, अभ्यासात मागे आहे म्हणून सोडून देतात. माती, चुना, पोपडे खायची सवय असेल तर थांबूच नका.

हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसते का बघा, हात पुढे धरून मनगट वर उचलता येतं का बघा. पण हे दिसलं नाही म्हणजे शिसं नाही असं अजिबात समजू नका, बहुतेकांत ते दिसतच नाही.

खात्री फक्त रक्ताने होते. टेस्टचं नाव ब्लड लेड लेव्हल, ती नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्ये, येत नाही, डॉक्टरांना सांगून वेगळी लिहून घ्यावी लागते. उपाशी राहायची गरज नाही. रक्त शिरेतलंच द्या, बोटाला टोचून घेतलं आणि कातडीवर शिशाची धूळ असली तर आकडा खोटाच वाढतो, मग शिरेतून परत करावी लागते. सोबत सीबीसी, स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून बघणं) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट) करा. स्मिअरमध्ये लाल पेशींवर निळे ठिपके दिसले तर संशय वाढतो, आणि लोह कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषून घेतं. केसांच्या टेस्टवर पैसे घालवू नका, तिच्यावरून निदान होत नाही.

आता रिपोर्ट. सुरक्षित असा आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते की 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा. मुलांत 45 किंवा जास्त आलं की शिसं बाहेर काढायची औषधं लागतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि उलट्या, गुंगी, फिट येत असेल तर आकड्याची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. अजून एक, रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं पण हाडांत ते वर्षानुवर्षं बसून राहतं, त्यामुळे काम सोडून दोन वर्षं झालेल्या माणसाचा आकडा कमी आला तरी जुना त्रास त्याचाच असू शकतो. गरोदरपणात हेच हाडातलं शिसं रक्तात येऊन बाळापर्यंत जातं, तेव्हा पूर्वी असं काम केलेल्या बाईने आपल्या डॉक्टरांना आधीच सांगावं.

शिसं येणं चालूच ठेवून औषध घेतलं तर आकडा पुन्हा चढतो. कामाचे कपडे, चपला घरात आणू नका, कपडे वेगळे धुवा, आंघोळ करूनच पोरांना उचला. एकाचा रिपोर्ट वाढलेला आला की घरातल्या सगळ्या मुलांची टेस्ट त्याच आठवड्यात करा. त्या काकांनी नातवाला घेऊन यायला दोन महिने लावले, आणि त्याचाही आकडा वाढलेला निघाला.