डीएसएलआरवर व्हिडिओसाठी एकच लेन्स घ्यायची असेल तर ती कशी निवडायची

कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ५० एमएम एफ १.८ घ्या, स्वस्त आहे आणि बॅकग्राउंड मस्त ब्लर होतं. (एमएमचा आकडा लहान तितकं लेन्सला जास्त रुंद दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) दुसरी लेन्स म्हणून जरूर घ्या. पण व्हिडिओसाठी एकुलती एक लेन्स म्हणून हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या जणांना दिला जातो की आता त्याचा राग येतो. मी लग्न, हळद, कीर्तन, मुलाखती, रेसिपी असं सगळं क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) डीएसएलआरवर शूट करतो, त्यामुळे खाली लिहितोय ते त्याच कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे कॅनन २००डी, ८०डी, १५००डी किंवा निकॉन डी५६०० वगैरे.

१. आधी खोली मोजा

खरंच टेप घेऊन मोजा. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम लावून माणूस कमरेपासून डोक्यापर्यंत फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर तुम्हाला त्याच्यापासून साधारण ४ मीटर लांब उभं राहावं लागतं, आणि उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत हवा असेल तर ७ मीटरच्या वर. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवली तरी ३ मीटर होत नाहीत. तेच १८ एमएमवर अख्खा माणूस अडीच-पावणेतीन मीटरवरून बसतो. स्वयंपाकघरात ओट्याचं शूट असो, नाहीतर हळदीला बायकांच्या गराड्यात उभं राहायचं असो, लागते वाइड बाजूच. म्हणून लेन्स १७ किंवा १८ पासून सुरू झालीच पाहिजे, पुढे ५० पर्यंत गेली की घरातली बहुतेक कामं होतात. तुमचा कॅमेरा फोरके (4K) व्हिडिओ करताना फ्रेम आणखी कापत असेल, २००डी मार्क टू तसं करतो, तर हे सगळं गणित अजून घट्ट होतं.

२. तुमची कॅमेरा बॉडी फोकस धरते का ते बघा

कॅननमध्ये ७०डी (२०१३) पासून ड्युअल पिक्सेल (व्हिडिओत सलग फोकस धरणारा ऑटोफोकस) आलं, मग ८०डी, ७७डी, ८००डी, २००डी. या बॉड्या फुल एचडीमध्ये चालत्या माणसावर फोकस छान धरतात. १३००डी, १५००डीमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना फोकस आपोआप धरून ठेवायची सोयच नाही. निकॉनच्या या रेंजच्या बॉड्यांचा फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून शूट करताना) पुढे-मागे शोधत बसतो. म्हणजे काहींना ऑटोफोकसवाली लेन्स कामाची आणि काहींना हाताने फिरवायला चांगली रिंग असलेली. हे न विचारता जो लेन्स सुचवतो त्याचं ऐकू नका.

३. सगळ्या झूमवर एकच अपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक)

एफ ३.५-५.६ असं लिहिलेली लेन्स झूम केली की काळोख करते, एफ २.८ सगळीकडे असलेली करत नाही. एफ १.८ च्या मोहात पडू नका, ५० एमएमवर एफ १.८ ठेवून एक मीटरवरून शूट केलं तर पुढे-मागे जेमतेम तीन सेंटीमीटरचा भाग शार्प राहतो, बोलणारा माणूस जरा पुढे झुकला की डोळे गेले.

४. घेण्याआधी रेकॉर्ड करून तपासा, आणि नीट तपासा

खरी मेख इथे आहे. रिव्ह्यूमध्ये लेन्सची शार्पनेस, कोपरे, बोके (बॅकग्राउंडचं ब्लर) यावर सगळे बोलतात, पण ते फोटोचे निकष आहेत. व्हिडिओत लेन्स कशी आहे ते कळतं रेकॉर्डिंग चालू असताना काहीतरी बदललं की. फोरके असो वा फुल एचडी, आतला माणूस अचानक काळा पडला, मऊ (धूसर) झाला किंवा फ्रेम फुगली की पाहणाऱ्याला ते लगेच खटकतं, कोपऱ्यातली शार्पनेस कुणी बघत नाही.

तर आपली बॉडी, आपलं कार्ड घेऊन दुकानात जा (मुंबईत बोरा बाजारात जात असाल तर सकाळी जा, गर्दी नसते आणि दुकानदार वेळ देतो), नाहीतर लेन्स एक दिवस भाड्याने आणा. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर टाका, २५ फ्रेम, शटर १/५०, आणि ऑटो आयएसओ (उजेडानुसार सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणं) बंद. हे शेवटचं कुणीच सांगत नाही आणि मला ते कळायला बराच काळ लागला. ऑटो आयएसओ चालू असेल तर लेन्सने केलेला काळोख कॅमेरा लपूनछपून भरून काढतो, डेमोत सगळं गुळगुळीत वाटतं, मग प्रत्यक्ष कामाला आयएसओ फिक्स केला की झूम करताना नवरीचा चेहरा पायऱ्या-पायऱ्यांनी काळवंडत जातो, एफ ३.५ वरून ५.६ म्हणजे सव्वा ते दीड स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). यावर उपाय आहे, लेन्स पहिल्यापासून ५.६ वर लॉक करायची म्हणजे उडी येत नाही, पण मग एफ २.८ च्या मानाने फक्त पाव उजेड मिळतो आणि मंगल कार्यालयातल्या लाइटमध्ये आयएसओ वर चढवून दाणे येतात.

आता फोकस. वाइडवर दहा फुटांवरच्या पाटीवर हाताने फोकस करा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून पूर्ण झूम इन करा. अक्षरं मऊ झालेली दिसतील. फोटोच्या झूम लेन्स झूम करताना फोकस धरून ठेवायला बनवलेल्याच नसतात, त्यामुळे लेन्स खराब आहे असं समजू नका, पण किती मऊ होतं ते मात्र बघा. उलटं, टेलीवर (पूर्ण झूम इन करून) फोकस करून वाइडला आलं तर चूक झाकली जाते, आणि दुकानदार नेमकं तसंच करून दाखवतात, म्हणून झूम इन तुम्ही स्वतः करा. माझं ठाम मत, बोलत्या माणसावर टेक चालू असताना झूम करूच नका, थांबा, फ्रेम बदला, फोकस करा, पुन्हा सुरू करा.

मग जवळच्या वस्तूवरून लांबच्या वस्तूवर हळूहळू फोकस न्या आणि फ्रेमच्या कडा बघा. कडा आत-बाहेर सरकत असतील तर लेन्स ब्रीदिंग करते. थोडं सगळ्याच करतात, जास्त असेल तर दोघांच्या संभाषणात फोकस बदलताना खोलीच हलल्यासारखी दिसते.

रिंग फिरवून बघा. कॅननच्या एसटीएम (स्टेपर मोटरच्या) लेन्समध्ये रिंग थेट काचेला जोडलेली नसते, आतली मोटर फोकस हलवते, म्हणून रिंगला शेवट नाही आणि कॅमेरा झोपला की रिंग मेली. त्यात ती भराभर फिरवली आणि हळू फिरवली तर फोकस वेगवेगळा जातो, म्हणजे टेप लावून खुणा करायची सोय गेली. ऑटोफोकसवर काम करणाऱ्याला याने फरक पडत नाही, हाताने करणाऱ्याला खूप पडतो.

शेवटी आवाज. शांत कोपऱ्यात ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फ्रेम स्थिर ठेवणारी सोय) चालू ठेवून कॅमेऱ्याच्याच माइकवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि इअरफोनवर ऐका. काही लेन्स किरकिर करतात, काहींचं स्टॅबिलायझेशन सतत गुणगुणतं. तेच चालू ठेवून हळू पॅनही करा, थांबताना फ्रेम झटका देते का बघा. ट्रायपॉडवर असाल तेव्हा स्टॅबिलायझेशन बंद करायची सवय लावा.

५. मग घ्यायची कुठली

हाताने फोकस करत असाल किंवा घरात, हॉलमध्ये काम जास्त असेल तर १७-५० एफ २.८, स्टॅबिलायझेशनवाली. सिग्माची १७-५० (कॅनन, निकॉन दोन्हीला मिळते) नाहीतर कॅननची १७-५५. सिग्माचा ऑटोफोकस व्हिडिओत झटके देतो आणि आवाज करतो, पण हाताने चालवायला आणि पैशाला ती वसूल आहे. ड्युअल पिक्सेल बॉडी आहे आणि बाहेर, पालखीत, मिरवणुकीत फिरायचंय तर कॅननची १८-१३५ यूएसएम (२०१६ ची, जुनी एसटीएम नाही), फोकस वेगवान आणि जवळपास बिनआवाजाचा. घरात तिला उजेड कमी पडतो हे मान्य करून घ्या. सिग्मा १८-३५ एफ १.८ चं कौतुक खूप ऐकाल, काच खरंच अप्रतिम आहे, पण ८१० ग्रॅम, स्टॅबिलायझेशन नाही आणि ३५ ला संपते. ट्रायपॉडवरच्या मुलाखतींना घ्या, एकमेव लेन्स म्हणून नको. निकॉनच्या एएफ-पी लेन्स शांत आहेत, मात्र डी९० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाहीत.

६. फिल्टरचे पैसे बाजूला ठेवा

भर दुपारी आयएसओ १०० आणि १/५० वर अपर्चर एफ २२ पर्यंत जातं. ते २.८ वर आणायचं तर सहा स्टॉप कापणारा एनडी (उजेड अडवणारा काळसर फिल्टर) लागतो. तो ७७ एमएमचा घ्या, वरच्या दोन्ही एफ २.८ लेन्सचा साइज तोच आहे, छोट्या लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची कडी) लावायची. स्वस्त व्हेरिएबल एनडी (फिरवून उजेड कमी-जास्त करता येणारा) वाइडवर फ्रेममध्ये काळी फुली पाडतो, विकत घेण्याआधी १७ एमएमवर लावून बघा.

७. सेकंडहँड घेत असाल तर

मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळीसारखे धागे किंवा पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नका, साफ करून दिली तरी कोटिंग गेलेलं असू शकतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही ती धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करा. लेन्ससोबत मिळालेल्या कातडी पाउचमध्ये मात्र ठेवू नका, ओल तिथेच साठते.