ग्रॅनाइटवर टेबल टॉप बेसिन बसवायचंय? मग भोकाची घाई करू नका

आमच्याकडे बाथरूमचं काम काढलं तेव्हा ओटा आधी झाला आणि बेसिन नंतर आणलं, आणि इथेच माशी शिंकली. मिस्त्रीने किचनच्या सवयीने ग्रॅनाइट ३३ इंचावर बसवला, त्यावर सहा इंच उंच बेसिन ठेवलं म्हणजे काठ गेला ३९ वर. आई तोंड धुवायला उभी राहिली की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून थेट ब्लाउजच्या बाहीत. महिनाभर मी ऐकून घेतलं, शेवटी ओटा उतरवून खाली घेतला आणि या वेळी बेसिन स्वतःच बसवलं.

तर पहिली गोष्ट, बेसिनचा काठ जमिनीपासून ३२ ते ३४ इंचावर यायला हवा. बेसिन पाच इंचाचं असेल तर दगडाचा वरचा भाग २७ ते २९ मध्ये आला पाहिजे, आणि हे माप टाइल्स बसल्यानंतरच्या जमिनीपासून घ्यायचं, नाहीतर दोन-अडीच इंच कुठे गेले कळत नाही.

दुसरं, बेसिन, नळ, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसणारी, पाणी खाली नेणारी आट्यांची नळी) आणि बॉटल ट्रॅप (तिच्याखाली लागणारं, पाणी धरून वास अडवणारं बाटलीसारखं भांडं) हे चारही घरात आल्याशिवाय दगडाला हात लावू देऊ नका. कॅटलॉगमधल्या फोटोवरून भोक पाडायचं नाही. कित्येक बेसिनांचं ड्रेनचं भोक मधोमध नसतं, मागे सरकलेलं असतं.

कपलिंग घेताना मात्र जरा डोकं लावा, कारण सगळी गळती इथूनच सुरू होते. बेसिनच्या आत वरच्या बाजूला छोटं भोक आहे का बघा, तो ओव्हरफ्लो, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. तो असेल तर कपलिंगच्या अंगाला खाच हवी, दुकानात त्याला हाफ थ्रेड म्हणतात. नसेल तर खाच नसलेलं फुल थ्रेड. दुकानदार हाताला लागेल ते काढून देतो, आणि ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला खाचेचं कपलिंग लागलं की पाणी त्या खाचेतून बेसिन आणि दगडाच्या मधे शिरतं, मग खालच्या कपाटातला प्लायवूड फुगला की तुम्हाला समजतं. लांबीही बघा. साधं तीन इंची कपलिंग भिंतीवरच्या बेसिनला चालतं, इथे बेसिनच्या तळाची जाडी, शिवाय १८-२० मिमी दगड, वॉशर, नट, एवढं सगळं त्यात मावलं पाहिजे आणि खाली बॉटल ट्रॅपला आटे उरले पाहिजेत. मी पाच इंची पितळी घेतलं. प्लास्टिकचं स्वस्त पडतं पण आटे एकदा घसरले की संपलं.

आता खूण. बेसिन जागेवर ठेवा, नळ मागे हाताने धरा (या बेसिनला उंच बॉडीचा नळ लागतो, साधा बुटका नळ, म्हणजे पिलर कॉक, काठाखालीच राहतो) आणि धार कुठे पडेल ते बघा. धार कपलिंगच्या झाकणावर आदळली तर उडतं, थोडी पुढे पडायला हवी. नळाची दांडी मागे आरशाला किंवा भिंतीला लागत नाही ना तेही आत्ताच बघा. मग बेसिनच्या भोकातून पेन्सिलने दगडावर गोल काढा, आणि खाली वाकून बघा की त्या गोलाखाली कडप्प्याचा आधार किंवा लोखंडी अँगल तर येत नाहीये!

कपलिंगचे आटे बाहेरून ४२ मिमीच्या आसपास असतात, म्हणून ४५ मिमीचा डायमंड कोअर कटर (ड्रिलला लावून दगडात गोल भोक पाडणारा) घ्या. ग्राइंडरने चौकोनी खड्डा करून मिळेल तो घेऊ नका, नटाखालचा वॉशर त्या खड्ड्यावर नीट बसतच नाही. नळाला सहसा ३५ मिमी लागतं पण तुमच्या नळाचं माप बघून ठरवा. कटर पाण्याशिवाय चालवायचा नाही, धूळ फुप्फुसात जाते आणि कटरही जळतो. मी मळलेल्या कणकेची वळकटी खुणेभोवती गोल चिकटवली आणि आत पाणी ओतलं, छोटं तळंच झालं. बायको म्हणाली आता पोळ्या कुठून आणू. सुरुवात कटर तिरका धरून करा, काप पडला की हळूहळू सरळ, जोर अजिबात नाही. शेवटच्या तीन-चार मिमीला अगदी सावकाश, तिथेच खालून कपचा उडतो. मशीनची वायर पाण्यापासून लांब ठेवा, मास्क लावा.

बसवताना आधी एकदा सगळं कोरडंच जुळवून बघा. मग बेसिनच्या तळाला भोकाभोवती आणि कडेने सिलिकॉनची रेघ, पण सिलिकॉन न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन मार्बलला खातं. आणि जुने प्लंबर सफेदा लावतात, त्यातलं तेल दगडात मुरून डाग कायमचा राहतो, नम्रपणे नाही म्हणा. कपलिंगच्या वरच्या चकतीखाली रबर वॉशर, वरून घाला, खालून दगडाला आधी जाड रबर, मग नट. एकाने वरून कपलिंग फिरू न देता धरायचं, दुसऱ्याने हाताने घट्ट करून पान्याने फार तर पाव-अर्धा फेरा. चिनी मातीला जास्त ताकद दाखवली की ‘टक्’ आवाज येतो आणि बेसिन परत आणावं लागतं. बॉटल ट्रॅपच्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे वॉशरच पाणी अडवतो, टेफ्लॉन भिंतीतल्या अँगल कॉकच्या (नळाकडे जाणारं पाणी बंद-चालू करणाऱ्या छोट्या कॉकच्या) आट्यांना. ट्रॅपचा पाइप भिंतीत जातो तिथे रबराची रिंग घाला, नुसता खुपसून ठेवला तर त्या फटीतून झुरळं येतात.

सिलिकॉन २४ तास वाळू द्या, पाणी नको. नंतर झाकण बंद करून पाणी काठाच्या थोडं खाली येईपर्यंत बेसिन भरा (ओव्हरफ्लो असेल तर त्यातून पाणी वाहू लागेपर्यंत), पंधरा मिनिटं थांबा आणि एकदम सोडा, कारण बारीक धारेत गळती दिसत नाही. कपाटात वर्तमानपत्र अंथरून ठेवा, थेंब पडला की लगेच डाग दिसतो. आमच्याकडे बेसिनखाली कोरडं होतं, डाग पडला तो अँगल कॉकखाली.