महाविद्यालय विकास समितीची सभा कामाची कशी करावी

सभा होते, चहा होतो, रजिस्टरवर सह्या होतात आणि पुढच्या सभेपर्यंत ठरावाकडे कुणी बघत नाही. महाविद्यालय विकास समितीचा असा अनुभव अनेक प्राध्यापकांना आणि सदस्यांना येतो. खरे तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ ने या समितीला भरपूर काम दिले आहे. १९९४ च्या कायद्यातल्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ही समिती आली. संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी एका टेबलाशी बसतात, अशी महाविद्यालयातली ही महत्त्वाची जागा आहे. ती वाया जाऊ नये. समिती सुधारायची असेल, तर सगळ्यात जास्त मेहनत दोन कागदांवर घ्या : विषयपत्रिकेसोबतची टिपणी आणि ठरावाचा मसुदा.

आधी यादी तपासा

व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी हे समितीचे अध्यक्ष असतात, तर प्राचार्य हे सदस्य-सचिव. व्यवस्थापनाचे सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक (त्यांत किमान एक महिला), एक निवडून आलेला शिक्षकेतर कर्मचारी, चार स्थानिक सदस्य (त्यांत किमान एक माजी विद्यार्थी), आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे बाकीचे सदस्य. निवडून आलेल्या आणि नेमलेल्या सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते.

चुका इथूनच सुरू होतात. निवृत्त झालेल्या शिक्षकाचे नाव यादीत तसेच राहते. शिक्षकांची निवडणूक न घेता स्टाफरूममध्ये नावे ठरतात. पुढे कुणी हरकत घेतली की ठरावच अडचणीत येतात. म्हणून निवडणुकीची सूचना, मतदारयादी आणि निकालपत्र एका फायलीत लावा. प्रत्येक सदस्यापुढे मुदत संपण्याची तारीख लिहा. स्थानिक सदस्यांच्या चार जागा शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांसाठी आहेत. परिसरातल्या औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योजक किंवा सहकारी बँकेतला अनुभवी अधिकारी सभेला नियमित येणार असेल, तर तो नावाजलेल्या पण कधीच न येणाऱ्या पाहुण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो. विद्यार्थी परिषद अजून स्थापन झाली नसेल, तर विद्यार्थ्यांना निमंत्रित म्हणून जरूर बोलवा, पण इतिवृत्तात त्यांची नोंद ‘सदस्य’ म्हणून करू नका.

‘मंजूर’ आणि ‘शिफारस’ यांत गल्लत नको

अध्यापनाचे एकंदर नियोजन किंवा वार्षिक वेळापत्रक समिती स्वतः ठरवते. वैधानिक निकष पाळून प्रवेशाची कार्यपद्धती आखणे हेही तिच्याच कामात मोडते. नवे अभ्यासक्रम आणि वाढीव पदे यांबाबत मात्र तिला व्यवस्थापनाकडे शिफारस करायची असते. अंदाजपत्रकही ती तयार करते आणि मान्यतेसाठी व्यवस्थापनाकडे पाठवते. अशा विषयावर समितीने ‘मंजूर’ लिहिले आणि कार्यालयाने त्या आधारे थेट खरेदी केली, तर लेखापरीक्षणात आक्षेप आल्यावर उत्तर देताना प्राचार्यांची धावपळ होते. विषयपत्रिकेतल्या प्रत्येक विषयापुढे ‘निर्णय’, ‘शिफारस’ किंवा ‘माहितीस्तव’ यांपैकी एक शब्द लिहायची सवय लावा. चर्चेला किती वेळ द्यायचा, तेही त्यावरून ठरते.

चार सभा, चार कामे

वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. चारही सभा घाईघाईने मार्चच्या आसपास उरकण्यात काही अर्थ नाही. सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा. एक सोयीची मांडणी अशी :

- एप्रिल-मे : नव्या वर्षाचे वेळापत्रक आणि प्रवेशाची कार्यपद्धती.
- जुलै : ३० जूनपर्यंतच्या कामाचा वार्षिक अहवाल, निकालांचा आढावा, झालेले प्रवेश.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : आयक्यूएसीचे अहवाल, लेखापरीक्षणातले आक्षेप, स्वयंअर्थसाहाय्यित (अनुदानाशिवाय, शुल्कावर चालणाऱ्या) अभ्यासक्रमांचा आढावा.
- जानेवारी-फेब्रुवारी : १ एप्रिलपासूनचे अंदाजपत्रक.

नव्या अभ्यासक्रमाचा विषय मात्र विद्यापीठाच्या प्रस्तावाच्या मुदतीकडे पाहून ठेवा. मुदत संपल्यावर झालेल्या शिफारशीमुळे एक वर्ष हातचे जाते.

टिपणीशिवाय विषय घेऊ नका

सभेची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्या आणि विषयपत्रिका टिपण्यांसह सात दिवस आधी पोहोचवा. टिपणी एका पानाची पुरते. विषय काय, आजची स्थिती काय, पर्याय कोणते, खर्च किती आणि समितीकडून नेमके काय हवे, एवढे तिच्यात आले पाहिजे. आकडे नसतील तर चर्चा आठवणींवर चालते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

अंदाजपत्रकाच्या तक्त्यात पाच रकाने हवेत : खर्चाचे शीर्ष, गेल्या वर्षाची तरतूद, गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा डिसेंबरअखेरचा खर्च आणि पुढच्या वर्षाची प्रस्तावित तरतूद. ग्रंथालयाची तरतूद अर्धीच खर्च झाली, हे दुसरा आणि तिसरा रकाना ताडून पाहिले की लगेच कळते. मग विचारायचा प्रश्न असा की पुस्तकांची मागणी विभागांकडून आली नाही की आलेली मागणी कार्यालयात अडकली?

स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमासाठी प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, निकाल, जमा झालेले शुल्क, तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे मानधन आणि शिल्लक हे एका ओळीत मांडा. मानधन किती महिने थकले आहे, त्याचाही रकाना ठेवा. हा विषय बोलायला अवघड वाटतो म्हणून वर्षानुवर्षे टाळला जातो, आणि त्याची झळ वर्गावर रोज शिकवणाऱ्या माणसाला बसते.

ठराव असा लिहा

पुष्कळ इतिवृत्तांत असे वाक्य सापडते : ‘प्रयोगशाळेच्या साहित्याबाबत चर्चा झाली व सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ यावरून काहीच घडत नाही, कारण काय घ्यायचे, कुणी, कधी आणि कुठल्या पैशांतून, हे त्यात नाही. तोच ठराव असा लिहिता येतो (रक्कम उदाहरणादाखल) :

‘ठराव क्र. ४ : रसायनशास्त्राच्या पदवी प्रयोगशाळेत एक फ्यूम हूड बसवण्यासाठी चालू अंदाजपत्रकातील “प्रयोगशाळा साहित्य” या शीर्षातून कमाल १,८०,००० रुपये खर्च करावेत, अशी शिफारस व्यवस्थापनाकडे करण्यात येत आहे. मान्यता मिळाल्यावर किमान तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता खरेदी समितीपुढे ठेवावा. जबाबदारी : विभागप्रमुख, रसायनशास्त्र. मुदत : ३० सप्टेंबर.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. जबाबदारी एकाच व्यक्तीवर टाका. ‘प्राचार्य, विभागप्रमुख व कार्यालय’ असे तिघांना मिळून दिलेले काम तिघांकडेही राहत नाही. मसुदा सभेतच मोठ्याने वाचून दाखवा. कुणाचे वेगळे मत असेल, तर ते नावासह दोन ओळींत नोंदवा. निवडून आलेल्या शिक्षकांना अध्यक्षांसमोर विरोधी मत मांडणे सोपे नसते. ते इतिवृत्तात उतरते, ही खात्री मिळाली की माणसे बोलू लागतात. अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे, याचाही मोठा उपयोग होतो.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या मुद्द्यावर विशेष लक्ष ठेवा. माणसे उठायच्या बेतात असताना पैशांचे आणि नेमणुकांचे विषय इथूनच आत येतात. ऐनवेळच्या विषयात नवा खर्च आणि नवी पदे घ्यायची नाहीत, असा ठराव पहिल्याच सभेत करून घ्या. खरी निकड असेल, उदाहरणार्थ पावसाळ्यात छत गळू लागले, तर त्या एका विषयासाठी टिपणीसह विशेष सभा बोलवा.

सभेनंतरचे आठ दिवस

इतिवृत्ताचा मसुदा सात दिवसांत सगळ्या सदस्यांना पाठवा आणि दुरुस्त्यांसाठी आणखी सात दिवस द्या. दोन महिन्यांनी लिहिलेल्या इतिवृत्तात चर्चा विसरली जाते आणि उरतो फक्त ‘सर्वानुमते’ हा शब्द. शिफारशी व्यवस्थापनाकडे स्वतंत्र पत्राने, जावक क्रमांकासह, आठवड्याच्या आत गेल्या पाहिजेत. इतिवृत्ताची प्रत संस्थेत पडून आहे म्हणजे शिफारस पोहोचली, असे समजू नका.

पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम केल्यावर लगेच कार्यवाही अहवाल घ्या. ठराव क्रमांक, जबाबदार व्यक्ती, मुदत, आजची स्थिती आणि विलंबाचे कारण एवढे रकाने पुरेत. सलग दोन सभांत एखादा ठराव ‘प्रगतिपथावर’ असेल, तर तिसऱ्या सभेत त्याची जबाबदारी बदला किंवा तो रीतसर रद्द करा. चारही सभांचे हे तक्ते एकत्र केले की ३० जूनअखेरच्या वार्षिक अहवालाचा निम्मा मजकूर तयार होतो. तो अहवाल व्यवस्थापनाकडे आणि विद्यापीठाकडे सादर करायचा असतो. दोन्हीकडची पोच घेऊन फायलीत लावा.