प्रमाण त्रुटी समजून घेण्यासाठी चार चिठ्ठ्या

प्रमाण विचलन नीट समजलेला विद्यार्थीही प्रमाण त्रुटीपाशी, म्हणजे स्टँडर्ड एररपाशी, अडखळतो. सूत्र अवघड नसते. ते नेमक्या कोणत्या संख्यांच्या यादीबद्दल बोलते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. ती यादी एकदा स्वतःच्या हाताने तयार करावी.

चार चिठ्ठ्यांवर 2, 4, 6 आणि 8 हे अंक लिहा. ही आपली समष्टी, म्हणजे ज्याबद्दल जाणून घ्यायचे तो संपूर्ण समूह. तिची सरासरी 5 आहे, आणि सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज 20 असल्यामुळे तिला 4 ने भागून प्रचरण 5, तर प्रमाण विचलन सुमारे 2.24 येते. आता एक चिठ्ठी उचलून अंक टिपा, ती परत ठेवून दुसरी उचला आणि दोन्ही अंकांची सरासरी काढा. असे 16 नमुने संभवतात. ते सगळे कागदावर मांडण्याचा कंटाळा करू नये, कारण खरी समज त्या मांडणीतच येते. सरासरी 2 आणि 8 प्रत्येकी एकदा, 3 आणि 7 दोनदा, 4 आणि 6 तीनदा, तर 5 चार वेळा मिळते. या 16 सरासऱ्यांची यादी म्हणजेच नमुना सरासरीचे वितरण होय. मूळ चिठ्ठ्यांमध्ये प्रत्येक अंक समान संधीचा होता, पण सरासऱ्या मात्र मधोमध दाटल्या आहेत.

या नव्या यादीची सरासरी पुन्हा 5 येते आणि प्रचरण 2.5, म्हणजे मूळ प्रचरण भागिले नमुन्याचा आकार. त्याचे वर्गमूळ, सुमारे 1.58, ही प्रमाण त्रुटी. नाव दिशाभूल करणारे आहे, कारण येथे कोणाचीही चूक झालेली नाही. हेही प्रमाण विचलनच आहे, फक्त ते व्यक्तिगत मूल्यांचे नसून सरासऱ्यांचे आहे. (चिठ्ठी परत न ठेवता हाच प्रयोग केला, तर क्रम न मोजता सहाच नमुने उरतात आणि प्रचरण 1.67 पर्यंत घटते. समष्टी नमुन्याच्या मानाने खूप मोठी असेल, तेव्हा हा फरक नगण्य ठरतो.)

प्रत्यक्षात आपल्यापाशी एकच नमुना असतो आणि समष्टीचे प्रमाण विचलन माहीत नसते. म्हणून नमुन्याचेच प्रमाण विचलन काढावे, तेही वर्गांच्या बेरजेला नमुन्याच्या आकारापेक्षा एकाने कमी संख्येने भागून, आणि मग त्याला आकाराच्या वर्गमूळाने भागावे. समजा 100 निरीक्षणांची सरासरी 62 आणि प्रमाण विचलन 15 आहे. तर प्रमाण त्रुटी 1.5 येते, आणि तिला 1.96 ने गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना मांडल्यास 59.06 ते 64.94 हा 95 टक्क्यांचा विश्वास अंतराल मिळतो, म्हणजे अशा रीतीने काढलेल्या दर 100 अंतरालांपैकी सुमारे 95 मध्ये समष्टीची खरी सरासरी सापडते. निम्मीसुद्धा निरीक्षणे या अंतरालात पडत नाहीत म्हणून बिचकू नये: तो निरीक्षणांसाठी नाहीच, समष्टीच्या सरासरीसाठी आहे. प्रमाण त्रुटी निम्मी करायची असेल, तर 400 निरीक्षणे लागतील, कारण भाजक वर्गमूळ आहे. नमुना निवडण्याची पद्धतच एकांगी असेल, तर मात्र कितीही निरीक्षणे घेतली तरी हे सूत्र तो दोष दाखवत नाही.

1.96 हा गुणक प्रसामान्य वितरणातून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या ‘नॉर्मल’ वितरणातून, येतो. नमुना मोठा असला की मध्यवर्ती सीमा प्रमेयामुळे (मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचे वितरण प्रसामान्याच्या जवळ जाते, असे ते सांगते) तो चालतो, मग समष्टीचे वितरण प्रसामान्य नसले तरीही, फक्त तिचे प्रचरण सांत, म्हणजे अनंत नसलेले, असावे. ‘30 निरीक्षणे पुरतात’ हा केवळ अंदाज आहे. फार विषम वितरणात ती पुरत नाहीत. लहान नमुन्यात अडचण वेगळीच असते, कारण नमुन्यातून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच डळमळीत असते. डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने हा प्रश्न 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने हाताळला आणि आपले गणित पडताळण्यासाठी 3000 मोजमापे पत्त्यांवर लिहून, ते पिसून, चार-चारांचे 750 नमुने तयार केले. समष्टी प्रसामान्य असताना चार निरीक्षणांच्या नमुन्यासाठी आज टी-कोष्टकात, म्हणजे त्याच्या कामातून आलेल्या लहान नमुन्यांच्या गुणकांच्या तक्त्यात, 1.96 ऐवजी 3.18 हा गुणक सापडतो.