कोनफळाचे काप: खाज, चिकटपणा आणि रंग

हाताला तेल लावून कोनफळाची, म्हणजे या जांभळ्या कंदाची, साल जाड काढा. सालीलगतचा भाग जास्त खाजरा असतो. अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, म्हणजे बुळबुळीतपणा कमी होतो. नंतर कोरडे पुसा, नाहीतर रवा सुटून तव्यालाच चिकटेल. मीठ, तिखट, चमचाभर कोकमाचं आगळ (कोकमाचा आंबट-खारट रस) चोळून, रव्यात घोळवून मध्यम आचेवर झाकून दोन्ही बाजूंनी भाजा. आच मोठी असेल तर बाहेरून करपून आत कच्चं राहतं, आणि कच्चं कोनफळ घशाला खवखवतं. खिरीसाठी मात्र सालासकट वाफवा. पाण्यात उकडलं तर जांभळा रंग उतरतो. सोडा अजिबात नको, रंग निळा-हिरवट होतो. अख्खं कोनफळ फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीने आतून काळं पडतं.