नादकाट्याने कान कसा तपासावा

नादकाटा, म्हणजेच ट्यूनिंग फोर्क, ५१२ हर्ट्झचा आणि दांड्याला चपटी बैठक असलेला घ्यावा. १२८ हर्ट्झचा घेतला तर नुसता कंप जाणवला तरी माणूस ‘ऐकू येतंय’ म्हणतो. जागा शांत हवी. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग असतात, तिथे माग बंद असतानाच तपासावे.

काटा दांड्याला धरून आपल्या कोपरावर किंवा गुडघ्यावर मारा. टेबलावर आपटला की दुसरेच किणकिणते स्वर मिसळतात.

आधी रिने चाचणी. दांड्याची बैठक कानामागच्या हाडावर घट्ट टेकवा, मध्ये केस नकोत. आवाज थांबला की बोट वर करायला सांगा. ही सूचना तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत द्यावी. नीट कळली नाही तर सगळेच उत्तर फुकट. बोट वर होताच काटा कानाच्या छिद्रासमोर, साधारण अडीच सेंटिमीटरवर आणा. दोन्ही भुजा छिद्राच्या सरळ रेषेत हव्यात. काटा तिरका झाला की आवाज बसतो. आपल्या कानाजवळ दांडा बोटांत हळूहळू फिरवून बघा, एका फेरीत आवाज चार वेळा बुडतो. समोर आणल्यावर पुन्हा ऐकू आले तर हवेतला मार्ग, म्हणजे छिद्र, पडदा आणि मधला कान, ठीक. हाडावरच जास्त ऐकू येत असेल, तर मळ, फाटलेला पडदा किंवा मधल्या कानातले पाणी यांचा संशय घ्यावा.

मग वेबर. काटा कपाळाच्या मधोमध टेकवा आणि आवाज कुठे येतो ते विचारा. मळाने दडे बसलेल्या कानात तो उलट मोठा येतो; नस कमजोर असेल तर चांगल्या कानाकडे जातो. एक कान ठार बहिरा असला की रिने फसवते, कारण हाडातला आवाज पलीकडचा कान ऐकतो. वेबर चांगल्या कानाकडे गेली की ही फसगत लक्षात येते. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊन वेबर अशी निघाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

माग कामगाराच्या बाबतीत मात्र काट्यावर विसंबू नका. खडखडाटाने ऐकणे आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जाते, तेही बहुधा दोन्ही कानांत सारखे. ५१२ च्या काट्याला तो माणूस धडधाकट वाटतो. त्याला ऑडिओमेट्रीच, म्हणजे यंत्राने वेगवेगळे स्वर ऐकवून केलेली तपासणीच हवी, आणि त्याआधी किमान १४ तास त्याने मागापासून लांब राहावे.