केल्टिक लोककथांवर आधारित प्रणयरम्य ऐतिहासिक अद्भुतकादंबऱ्यांची मालिका कशी रचावी

प्रणय, इतिहास आणि अद्भुत या तिन्ही गोष्टी एकाच कादंबरीत आणायच्या आणि पुढे त्या कादंबरीची मालिका करायची, असे ज्याने मनाशी घेतले आहे, त्याने सर्वप्रथम ‘केल्टिक’ हा ऐसपैस शब्द बाजूला ठेवून एक देश, एक शतक आणि एक कथा निवडावी. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी आणि मॅन बेट यांच्या लोककथा एकमेकींच्या नात्यातल्या असल्या तरी त्यांचे कायदे, देवता आणि ऋतू सरमिसळ करून वापरले की वाचकाच्या हाती फक्त धुके, वीणा आणि हिरवा झगा एवढेच उरते. पुढील विवेचन नवव्या शतकातील आयर्लंड धरून केले आहे, कारण त्या काळाविषयी लिखित साधने भरपूर आहेत आणि त्याच काळात ख्रिस्ती मठ, जुन्या देवतांच्या आठवणी व समुद्रापलीकडून, स्कँडिनेव्हियातून, येणारे नॉर्स लोक (व्हायकिंग) अशी तीन जगे एकमेकांना भिडत होती.

नॉर्स लोकांचा आयर्लंडवरील पहिला नोंदलेला हल्ला 795 सालचा आहे. 841 मध्ये त्यांनी डब्लिन येथे जहाजांचा तळ बांधला आणि 902 मध्ये त्यांना तेथून हुसकावून लावण्यात आले. 841 ते 902 ही साठ-एकसष्ट वर्षे मालिकेसाठी फार सोयीची आहेत, कारण त्यांत आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या बसतात आणि सुरुवात व शेवट दोन्ही इतिहासच पुरवतो. ब्रायन बोरू आणि 1014 सालची क्लॉन्टार्फची लढाई यांचा मोह अनेकांना पडतो. माझ्या मते तो टाळावा. एवढा प्रसिद्ध राजा कथेत शिरला की प्रेमिकांना त्याच्या दरबारात उभे राहायलाही जागा मिळत नाही.

काळ ठरल्यावर कथा निवडावी. आयरिश परंपरेतील लीरच्या मुलांची कथा सर्वांना माहीत आहे: सावत्र आई ईफा चार भावंडांचे हंस करते आणि त्यांना तीनशे वर्षे डेरावारा सरोवरावर, तीनशे वर्षे आयर्लंड-स्कॉटलंड यांमधील मॉइलच्या समुद्रात आणि तीनशे वर्षे मेयोच्या किनाऱ्यानजीकच्या इनिशग्लोरा बेटापाशी काढावी लागतात. मुकी राहून भावांसाठी सदरे शिवणाऱ्या बहिणीची कथा मात्र आयरिश नाही. तिचे प्रसिद्ध रूप ग्रिम बंधूंच्या संग्रहात आहे, तेथे भाऊ सहा आहेत आणि सदरे ताराफुलांचे आहेत. अँडरसनने 1838 मध्ये तीच कथा अकरा भावांची आणि स्पर्श होताच अंगाची आग करणाऱ्या नेटल या रानवनस्पतीच्या सदऱ्यांची केली. जर्मन परीकथा आयरिश भूमीत रुजवणे यात काहीच गैर नाही, फक्त कोणता धागा कुठून आला हे लेखकाला ठाऊक असावे, म्हणजे सांधा कोठे द्यायचा ते कळते.

निवडलेली कथा वाचताना तिने न सांगितलेल्या गोष्टींची यादी करावी. सहा वर्षे एक अक्षरही न बोलणारी मुलगी परक्या घरात राहते, तिचे लग्न होते, तिच्यावर आरोप होतो, आणि परीकथा हे सगळे दोन पानांत उरकते. तिने लग्नाला संमती कशी दिली? ती मुकी आहे की हट्टी आहे, यावर सासरच्या माणसांची काय कुजबुज होती? शेवटच्या सदऱ्याची बाही अपुरी राहिल्यामुळे ज्या धाकट्या भावाला हाताऐवजी पंखच उरला, त्याचे पुढे काय झाले? परीकथा जेथे घाईने पुढे जाते तेथे कादंबरीने थांबायचे असते. त्या पंखवाल्या भावाच्या एका प्रश्नावर मालिकेचा अख्खा दुसरा खंड उभा राहू शकतो.

या प्रश्नांची उत्तरे कल्पनेतून काढण्याआधी त्या समाजाचा कायदा वाचावा, कारण प्रेमकथेला लागणारे खरे अडथळे तेथेच सापडतात. प्राचीन आयर्लंडमध्ये प्रत्येक स्वतंत्र माणसाची त्याच्या दर्जानुसार ‘मानाची किंमत’ ठरलेली असे. अपमान, जखम, साक्ष, जामीन सगळे त्या मापाने मोजले जाई, आणि स्त्रीची किंमत सामान्यतः तिच्या पित्याच्या किंवा पतीच्या निम्मी धरत. करार तोंडी होत, साक्षीदार आणि जामीनदारांसमोर होत. आता शापामुळे जिला तोंड उघडता येत नाही अशी नायिका या व्यवस्थेत आणून उभी करावी, म्हणजे तिचे मौन केवळ करुण राहत नाही, ते तिला कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निराधार करते.

विवाहाविषयीचा ‘कान लानव्ना’ हा सुमारे 700 सालचा ग्रंथ तर लेखकासाठी खजिना आहे. दोघांनी बरोबरीने संपत्ती आणलेला विवाह, पुरुषाच्या संपत्तीवरचा, स्त्रीच्या संपत्तीवरचा, असे संबंधांचे प्रकार त्यात सांगितले आहेत, आणि जोडपे विभक्त झाले तर कोणाला काय मिळावे हेही दिले आहे. लोकरीचे उदाहरण घ्यावे: कातरलेल्या कच्च्या लोकरीत स्त्रीचा वाटा लहान, आणि त्या लोकरीवर काम होऊन तिचे कापड होईपर्यंत तो वाढत जातो, कारण श्रम तिचे असतात. इतर कायदेग्रंथांनुसार, पतीने शय्येवरची गुपिते चारचौघांत सांगितली किंवा डाग राहील असा मार दिला, तर पत्नीला त्याला सोडून जाता येई. ज्या लेखकाला मध्ययुगीन स्त्री म्हणजे सज्जात उभी राहून वाट पाहणारी बाहुली वाटते, त्याने हे कायदे आवर्जून वाचावेत. मात्र याच समाजात गुलामगिरीही होती; ‘कुमल’ म्हणजे दासी हे चक्क मूल्य मोजण्याचे एकक होते. म्हणून मालक आणि दासी यांची प्रेमकथा लिहिण्याचा बेत असेल तर तिला नकार देण्याची मोकळीक कोठून मिळते, हे आधी ठरवावे. ते ठरत नसेल तर बेत सोडून द्यावा.

श्रीमंत घरांतली मुले साधारण सातव्या वर्षापासून दुसऱ्या घरी वाढायला पाठवण्याची रीत होती. राजपुत्राला घोडदौड, पोहणे, नेमबाजी आणि ‘फिडखेल’ हा पटावरचा खेळ शिकवावा, वरच्या घरातील मुलीला शिवणकाम व भरतकाम शिकवावे, असे कायदाच सांगतो. एका घरात वाढलेल्या मानस-भावंडांमधील निष्ठा सख्ख्या नात्याहून बळकट असे, त्यामुळे नायकाला पत्नी आणि मानसभाऊ यांमध्ये निवड करायला लावणे हा त्या काळाला शोभणारा पेच आहे.

बाकीचा तपशील थोडक्यात. दगडी किल्ले 1169 नंतर इंग्लंड-वेल्सकडून चालून आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर आले. आपली माणसे मातीच्या गोल तटाआड कुडाच्या घरांत राहतात. नाणी नाहीत, डब्लिनमध्ये ती पाडली जाऊ लागली तोवर दहावे शतक सरत आले होते, तेव्हा हिशेब गाईंचा. बटाटा नाही, ओट, सातू, दूध, लोणी, दही, सफरचंदे आणि हेझेलची फळे आहेत. रानात लांडगे आहेत, साप नाहीत, आणि ससेसुद्धा जपून लिहावेत, कारण बिळांत राहणारे ससे नॉर्मन लोकांनी आणले.

अद्भुताचा भाग रचताना मुख्य गोष्ट ही लक्षात ठेवावी की आयरिश कथांमध्ये जादू ही मंत्र पुटपुटून वापरायची शक्ती कमी आणि पाळायचा नियम अधिक आहे. ‘गेश’ म्हणजे एखाद्या व्यक्तीवर असलेले बंधन. कूहुलिन या वीरकथांतल्या योद्ध्याने कुत्र्याचे मांस खायचे नाही आणि कोणी देऊ केलेले अन्न नाकारायचेही नाही. तीन वृद्ध स्त्रिया त्याला कुत्र्याचे मांस देऊ करतात आणि त्याचा शेवट तेथून सुरू होतो. दोन बंधने एकमेकांना छेद देतात तेथे कथा जन्म घेते, आणि प्रणयकथेत हेच सूत्र थेट लागू पडते: ग्राँया ही राजकन्या डियरमिड या योद्ध्यावर असे बंधन घालते की त्याने तिला घेऊन पळून जावे, आणि त्यामुळे आपल्या नेत्याशी असलेली त्याची निष्ठा मोडते. आपल्या नायक-नायिकेला एकेकच बंधन द्यावे, ते पहिल्या तीन प्रकरणांत उघड करावे आणि ऐनवेळी त्याला पळवाट काढू नये.

जागा आणि वेळ यांचेही नियम आहेत. ‘शी’ लोक, म्हणजे आयरिश कथांतले अद्भुत जगातले लोक, टेकड्यांच्या आत राहतात आणि 1 नोव्हेंबरच्या साविन या सणाच्या रात्री तेथील दारे उघडतात. दिवस सूर्यास्तापासून मोजला जाई, म्हणून उत्सव आदल्या संध्याकाळीच लागतो. बोइन नदीकाठचे न्यूग्रेंज हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध घर, आणि ते इसवी सनापूर्वी सुमारे 3200 मध्ये बांधले गेले, म्हणजे या कथा सांगणाऱ्यांनाही ते अतिप्राचीनच होते. एंगस या जुन्या देवाच्या स्वप्नाची कथा येथेच संपते. स्वप्नात दिसलेल्या मुलीच्या ध्यासाने तो अन्न सोडून आजारी पडतो, दोन वर्षे शोध चालतो, शेवटी साविनच्या दिवशी सरोवरावरच्या दीडशे हंसांमधून तो तिला ओळखतो आणि तिला मिळवण्यासाठी स्वतः हंस होतो. तो तिला माणूस व्हायला लावत नाही, हे विशेष. आजच्या प्रणयकथेलाही याहून चांगला शेवट सुचणे कठीण आहे.

जादू विश्वसनीय व्हायची तर तिच्याभोवतीचे काम खरे असावे लागते. नेटलच्या सदऱ्यांचा प्रसंग लिहायचा असेल तर त्या झाडापासून धागा कसा निघतो हे माहीत करून घ्यावे. उन्हाळ्याच्या अखेरीस उंच वाढलेली खोडे कापायची, पाने ओरबाडून काढायची, खोडे पाण्यात किंवा दवात कुजू द्यायची, वाळवायची, ठेचून आतले काष्ठ झाडून टाकायचे आणि उरलेले तंतू विंचरून टकळीवर कातायचे; आपल्याकडे अंबाडीचा वाख काढतात तशीच ही रीत आहे. आता यातली खुबी पाहावी. वनस्पती कुजून वाळली की तिची आग जाते, म्हणजे नायिकेचे हात पोळतात ते कापताना आणि पाने काढताना, कातताना नाही. विणतानाही तिच्या बोटांतून रक्त काढणारा लेखक जाणकार वाचकाकडून पकडला जाईल. शिवाय हिवाळ्यात नेटल जमिनीलगत मरून जाते, त्यामुळे हेमंतापूर्वी पुरेशी खोडे साठली नाहीत तर वर्ष फुकट गेले. शापाला आपोआप ऋतुचक्र मिळते, आणि कोवळी नेटल शिजवून खाण्याच्या वसंतातल्या टंचाईच्या दिवसांत घरातली माणसे तिच्या राशीकडे भुकेल्या नजरेने पाहू लागली तर एक चांगला प्रसंगही मिळतो.

प्रेम फुलवण्यासाठी गैरसमजांचा आधार घेऊ नये. ज्या अडचणीचा एका मोकळ्या संभाषणात निकाल लागतो, ती चारशे पाने ताणली की वाचक वैतागतो. नायक नॉर्स असेल तर भाषेचा अडसर खरा आहे, आणि नायिका मुकी असेल तर दोघांना हातवारे, काम आणि सवयी यांतूनच एकमेकांना ओळखावे लागेल: कोण आधी उठून चूल फुंकतो, कोण दुसऱ्याच्या जखमेला पट्टी बांधताना नजर वळवतो. अशा खुणा सुरुवातीला दूरदूर आणि पुढे दाटीने पेरत जाव्यात. शृंगाराच्या वर्णनात हात किती आखडता घ्यावा हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे, परंतु त्या प्रसंगानंतर दोघांपैकी एकाची तरी परिस्थिती बदललेली असली पाहिजे.

मालिकेची बांधणी करताना प्रत्येक खंडाला स्वतंत्र नायिका, स्वतंत्र जुनी कथा आणि स्वतंत्र शेवट द्यावा. पहिल्या खंडात हंसभावंडे, दुसऱ्यात एंगसचे स्वप्न, तिसऱ्यात तीर-ना-नोग या चिरतारुण्याच्या देशात तीनशे वर्षे राहून परतलेला आणि घोड्यावरून जमिनीवर पडताच म्हातारा झालेला ओशीन, अशी वाटणी करता येईल. खंडांना जोडणारा धागा म्हणून एखादा खलनायक पुन्हा पुन्हा आणण्यापेक्षा एकच घर, एकच सरोवर आणि एकच न फिटलेले ऋण ठेवावे. पहिल्या पिढीने ‘शी’ लोकांना दिलेला शब्द तिसऱ्या पिढीच्या गळ्याशी आला पाहिजे. एका वहीत प्रत्येक पात्राचे जन्मवर्ष, ते कोणाच्या घरी वाढले ते घर, त्यावरचे बंधन आणि त्याची मानाची किंमत लिहून ठेवावी. दुसऱ्या खंडात आजीचे वय चुकले की वाचक ते पहिल्यांदा दाखवून देतात.

कथन कोणी करावे, याचे एक सुंदर उत्तर खुद्द हस्तलिखितांत आहे. या दैवतकथा ख्रिस्ती भिक्षूंनीच उतरवून ठेवल्या. बाराव्या शतकातील ‘बुक ऑफ लेन्स्टर’मध्ये एक मोठी वीरकथा संपूर्ण लिहून झाल्यावर लेखनिक लॅटिनमध्ये नोंद करतो की यातल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही आणि काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. नवव्या शतकातील दुसरा एक लेखनिक व्याकरणाच्या पोथीच्या समासात चार ओळी लिहितो: आज रात्री वारा सोसाट्याचा आहे, समुद्र खवळला आहे, म्हणून आज रात्री नॉर्स योद्ध्यांची भीती नाही. असा भिऊन, कुरकुरत, तरीही मन लावून लिहिणारा निवेदक मालिकेला मिळाला तर अद्भुतावर विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच आवाजात सांगता येतात.

नावे देवनागरीत उच्चारानुसार लिहावीत आणि एकदा ठरवलेले रूप शेवटच्या खंडापर्यंत बदलू नये: नीव्ह, साइव्ह, ओशीन. मराठी ऐतिहासिक कादंबरीची भारदस्त दरबारी भाषा येथे जपून वापरावी, कारण ज्या राजाची सत्ता दिवसभराच्या रपेटीत ओलांडता येते आणि ज्याच्या अंगणात गाई बांधलेल्या आहेत, त्याला ‘महाराजाधिराज’ म्हटले की सगळाच डोलारा हास्यास्पद होतो.

साधनांसाठी कॉर्क येथील विद्यापीठाने मुक्त ठेवलेला जुन्या आयरिश ग्रंथांचा ‘सेल्ट’ हा संग्रह पाहावा; त्यातील अनेक ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे मिळतात. 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतलेल्या कथांचा प्रचंड संग्रहही ‘दूखस’ या नावाने खुला आहे, आणि लोखंडाला ‘शी’ का भितात किंवा मे महिन्याच्या पहिल्या सकाळी शेजारीण लोणी कसे पळवते, असा बारीकसारीक मजकूर त्यातच मिळतो. पण या कथा विसाव्या शतकात सांगितलेल्या आहेत हे ध्यानात ठेवून, त्यातील चहाची किटली आणि बटाट्याचे शेत गाळून मगच त्या नवव्या शतकात न्याव्यात.